तारेतला समतोल

माझ्याकडे अम्मीच्या आवाजाची एक कॅसेट आहे. १९८८ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती भरली. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि घरात नवा टेपरेकॉर्डर आला होता. अम्मी सुपात गहू घेऊन निवडत बसली होती आणि नेहमीसारखी ओव्या म्हणत होती. जातं केव्हाच कोपऱ्यात गेलं होतं, पण ओव्या तिच्या तोंडात राहिल्या होत्या. मध्येच एखादं दखनीतलं लग्नगीत यायचं. तिला न सांगता मी बटण दाबलं. नव्वद मिनिटांच्या त्या कॅसेटमध्ये तिचा आवाज आहे, सुपाचा आवाज आहे आणि एका ठिकाणी, ‘अरे, ते काय लावून ठेवलंस?’ असं तिने मला दटावलेलंही आहे. आज अम्मी नाही. तिचा आवाज असलेली दुसरी कुठलीच वस्तू आमच्या घरात नाही.

कॅसेटची फीत कायम टिकत नाही. दमट हवा, बुरशी, रोलरमध्ये अडकून चुरगळणं, असं काहीही होऊ शकतं. म्हणून काही वर्षांपूर्वी ठरवलं की फीत धड आहे तोवर ती संगणकात उतरवून घ्यायची. जुना टेपडेक दुरुस्त करून आणला. तो हॉलमध्ये, अॅम्प्लिफायरशेजारी. संगणक आतल्या खोलीत. मग आठ मीटर वायर भिंतीच्या कडेने, विजेच्या पट्टीला लागूनच नेली आणि दोन्ही टोकांना त्या नेहमीच्या लाल-पांढऱ्या पिना लावल्या. कॅसेट सुरू केली. अम्मीचा आवाज आला आणि त्याच्या खाली, एखाद्या पिठाच्या गिरणीत बसल्यासारखा, एक अखंड घूंऽऽ असा आवाजही आला.

मी वायर घेऊन एका दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने ती बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाला, ‘सर, ही अनबॅलन्स्ड आहे. घरघर येणारच. तुम्ही बॅलन्स्ड केबल घ्या.’ त्याने काचेच्या कपाटातून एक जाडजूड, कापडी वेष्टणाची केबल काढली. तिची किंमत माझ्या टेपडेकच्या दुरुस्तीच्या तिप्पट होती. तरी मी पैसे काढायला निघालो होतो. अम्मीच्या आवाजापुढे पैशांचा हिशेब करायचा नाही, असं मनाशी म्हणत होतो. पण आधी शब्द समजून घ्यायची सवय आडवी आली. बॅलन्स्ड म्हणजे काय? तारेला कसला आलाय तोल? उद्या येतो असं सांगून मी बाहेर पडलो. त्या एका प्रश्नाने माझे पैसे वाचवले, आणि पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे त्याहूनही मोठी एक गोष्ट वाचवली.

आमच्या वस्तीत एक माइकवाले चाचा आहेत. उरुसाच्या कव्वालीपासून गणेशोत्सवापर्यंत आणि कविसंमेलनापासून सभेपर्यंत चाळीस वर्षं त्यांनी माइक लावले आहेत. त्यांच्याकडे गेलो. ते हसले आणि म्हणाले, ‘शायरसाहेब, तीस वर्षं माझ्या माइकसमोर उभे राहताय. त्याच्या बुडाला किती पिना असतात, पाहिलंय कधी?’ मी पाहिलं नव्हतं. तीन असतात. आणि आपल्या घरातल्या लाल-पांढऱ्या पिनेला? मधली एक दांडी आणि भोवतीची गोल कडी, म्हणजे दोन. साऱ्या गोष्टीचं मूळ या दोन आणि तीनमध्ये आहे.

आधी साधी वायर पाहू. टेपडेक किंवा सीडी प्लेअरमधून जे बाहेर पडतं तो आवाज नसतो, आवाजाच्या चढउतारांप्रमाणे कमीजास्त होणारा विजेचा अगदी लहान दाब असतो. सीडी प्लेअरमधून जास्तीत जास्त २ व्होल्ट, टेपडेकमधून साधारण पाव ते अर्धा व्होल्ट. माइकमधून तर व्होल्टचे काही हजारांश भाग, एवढंच. त्याच घराच्या भिंतीत मात्र २३० व्होल्ट खेळत असतात, आणि ते सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतात. या धिप्पाड शेजाऱ्याचा धक्का त्या लहानग्याला लागू नये, ही सारी कसरत असते. आपल्याला ऐकू येणारी घूंऽऽ ही त्या ५० आवर्तनांची किंवा त्याच्या दुपटीची, १०० आवर्तनांची असते. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची असते, म्हणून तिथली घूं थोडी वरच्या पट्टीतली असते.

लाल-पांढऱ्या पिनेच्या वायरीत मधोमध एक तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी असते. मधली तार आवाज नेते. जाळी दोन कामं करते. एक, बाहेरचा उपद्रव अडवते. दोन, वीज परतीच्या वाटेने नेते, कारण गेलेल्या विजेला परत यावंच लागतं, नाहीतर मंडल पुरं होत नाही. शिवाय ही जाळी दोन्ही यंत्रांच्या धातूच्या पेटीला जोडलेली असते. म्हणजे एकच बाई घराचा दरवाजाही राखते आणि स्वयंपाकही करते. दारात भांडण झालं की आमटी करपते. एका यंत्राच्या पेटीतून दुसऱ्या यंत्राच्या पेटीकडे थोडीशी भटकी वीज जाळीतून वाहू लागली, की ती थेट गाण्यात मिसळते. हिला म्हणतात अनबॅलन्स्ड जोडणी.

हे मिसळणं किती असतं, ते एका लहान हिशेबाने कळेल. समजा, लांब वायरीच्या जाळीचा आणि पिनांचा मिळून रोध ०.२ ओहम आहे आणि तिच्यातून ५ मिलिअॅम्पिअर भटकी वीज वाहते आहे. दोन्हींचा गुणाकार १ मिलिव्होल्ट. टेपडेकचा आवाज ३०० मिलिव्होल्ट धरला, तर घरघर त्याच्या तीनशेव्या भागाएवढी होते. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण माणूस गाताना श्वास घेतो, ओळ संपवून थांबतो, हलक्या आवाजात पुटपुटतो, त्या जागी हा तीनशेवा भाग चांगला ऐकू येतो. आणि अम्मीच्या ओव्यांत अशाच जागा फार होत्या.

आता तीन पिनांची वायर. तिच्यात एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा असतात आणि त्या दोघींभोवती जाळी. इथे जाळीला एकच काम, राखणीचं. आवाज जातो त्या दोन तारांतून, आणि बहुतेक वेळा एकीत सुलटा, दुसरीत उलटा. समजा, एकीत १० आणि दुसरीत उणे १०. वाटेत विजेच्या पट्टीने दोघींवर सारखाच ३ चा उपद्रव टाकला. मग पहिली झाली १३, दुसरी झाली उणे ७. पलीकडचं यंत्र दोघींची बेरीज करत नाही, ते दोघींतला फरक घेतं. १३ मधून उणे ७ वजा केले की उरतात २०. उपद्रव नसता तरी फरक २० च आला असता. म्हणजे तो ३ चा उपद्रव वजाबाकीत आपोआप निघून गेला.

वाण्याच्या तराजूचा विचार करा. दोन्ही पारड्यांवर सारखीच धूळ बसली, तर काटा हलत नाही. काट्याला धुळीशी देणंघेणं नाही, त्याला फक्त दोन पारड्यांतला फरक कळतो. यालाच बॅलन्स्ड म्हणतात. पण इथे एक बारकावा आहे, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. धूळ सारखी बसायची असेल, तर पारडी सारखी हवीत. तसंच दोन्ही तारांचा जमिनीशी असलेला विद्युतरोध दोन्ही टोकांना सारखा हवा. खरा तोल तो. काही यंत्रं तर आवाज एकाच तारेतून पाठवतात आणि दुसऱ्या तारेला फक्त तेवढाच रोध जोडून ठेवतात. तरीही उपद्रव तसाच निघून जातो. प्रत्यक्षात पारडी शंभर टक्के सारखी कधीच नसतात, म्हणून उपद्रव अगदी शून्य होत नाही. पण तो शंभर पटीने, चांगल्या यंत्रात हजार पटीने आणि त्याहूनही अधिक कमी होतो.

ही युक्ती आजची नाही. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे. परतीची वाट म्हणून जमीनच वापरत, जशी तारायंत्राला वापरत. मग शेजारच्या तारायंत्राची टकटक आणि पुढे विजेच्या ट्रामची घरघर माणसांच्या बोलण्यात शिरू लागली. उपाय म्हणून परतीसाठी दुसरी तार आली. दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळण्याच्या कल्पनेचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८८१ साली मिळालं. पिळल्यामुळे दोन्ही तारा आळीपाळीने उपद्रवाच्या जवळ येतात आणि दोघींच्या वाट्याला तो सारखा येतो. रेडिओनेही हीच वाट धरली. नाट्यगृहातली मैफल थेट प्रसारित करायची, तर तिथून स्टुडिओपर्यंतचा आवाज टेलिफोनच्या तारांच्या जोडीवरून यायचा, कित्येक किलोमीटर. ज्या माइकसमोर बसून मी हे बोलतो आहे, त्याच्याही बुडाला त्याच तीन पिना आहेत. एक नंबरची पिन जाळीची, दोन नंबरची सुलट्या तारेची, तीन नंबरची उलट्या तारेची. आणि आज घरोघरी इंटरनेटसाठी जी चौकोनी पिनेची केबल येते, तिच्या आत पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. तिथेही तीच वजाबाकी चालते.

मग घरातल्या यंत्रांना ही तीन पिनांची सोय का नाही दिली? याचं उत्तर अंतरात आहे. ती दांडी-कडीची पिन रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने १९३० च्या दशकात काढली, म्हणून तिला आरसीए म्हणतात. ग्रामोफोनची तबकडी रेडिओच्या पेटीला जोडायची, म्हणजे हातभर अंतर, एवढंच तिचं काम होतं. हातभर वायरीत जाळीचा रोध नगण्य असतो, उपद्रव शिरायला जागाही नसते. बॅलन्स्ड जोडणीसाठी मात्र दोन्ही यंत्रांच्या आत जास्तीचे भाग बसवावे लागतात, किंमत वाढते. माइकचं तसं नाही. मंचापासून मशीनपर्यंत तीस-चाळीस मीटर वायर, आवाज व्होल्टच्या हजारांशात, आणि बाजूला दिव्यांच्या माळा. तिथे तीन पिना नसत्या, तर कवितेऐवजी लोकांनी वीजच ऐकली असती.

चाचा दुसऱ्या दिवशी घरी आले. त्यांनी हातात स्क्रूड्रायव्हर न घेता आधी कान लावले. म्हणाले, ‘कॅसेट बंद करा.’ मी केली. घूं चालूच. ‘म्हणजे फितीत नाही. अम्मीचा आवाज साफ आहे, तुमचं घर साफ नाही.’ मग त्यांनी टेपडेकची मागची बाजू दाखवली. तिथे फक्त लाल-पांढऱ्या पिनांची जागा होती. संगणकावर साडेतीन मिलिमीटरचं भोक. ‘इथे बॅलन्स्ड केबल लावणार कुठे?’ त्यांनी विचारलं. ‘दुकानदार तिच्या टोकांना लाल-पांढऱ्या पिनाच लावून देईल. मग दोन टोकांच्या यंत्रांना तोल ठाऊक नसताना मधल्या तारेने काय करायचं?’

मला वाटतं, या विषयातलं हेच मुख्य वाक्य आहे. बॅलन्स्ड ही केबल नसते, ती जोडणी असते. पाठवणारं यंत्र, तार आणि घेणारं यंत्र अशा तिघांनी मिळून ती होते. वजाबाकी करणारा काटा घेणाऱ्या यंत्राच्या आत असतो, केबलमध्ये नाही. काटाच नसेल, तर पारडी कितीही भारी आणा.

मग घूं येत कुठून होती? चाचांनी एकेक वायर काढायला सुरुवात केली. अॅम्प्लिफायरला टीव्हीही जोडलेला होता. टीव्हीला छतावरून येणारी केबल टीव्हीची तार होती. ती तार काढली आणि घूं एकदम निम्म्याहून खाली आली. मी थक्क झालो. टीव्ही तर बंद होता! चाचांनी समजावलं. छतावरून येणाऱ्या त्या तारेची जाळी कुठेतरी दूर, दुसऱ्याच इमारतीत, दुसऱ्याच जमिनीला जोडलेली असते. आमचा अॅम्प्लिफायर आमच्या बोर्डाच्या अर्थिंगला. दोन जमिनींत थोडा का होईना, विजेच्या दाबाचा फरक असतोच. त्या फरकाने जी वीज वाहते, तिला वाट मिळते ती आपल्या आवाजाच्या वायरींच्या जाळीतून. उरलेली घूं संगणकाची होती. तो आतल्या खोलीतल्या बोर्डाच्या अर्थिंगला, अॅम्प्लिफायर हॉलच्या. पुन्हा दोन वाटा आणि मध्ये जाळी, असा विजेचा फेरा तयार झालेला. याला ग्राउंड लूप म्हणतात.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. चाचा येण्याआधी दोन दिवस माझ्या भाच्याने एक उपाय सुचवला होता. ‘मामू, अॅम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाडी पिन काढून टाका. घरघर जाते. माझ्या मित्राने केलंय.’ आणि खरोखरच जाते! फेरा एका जागी तुटतो, घूं थांबते. मी पक्कड हातात घेतली होती. दुकानातून परत आल्यावर, आधी समजून घेऊ म्हणून ती खाली ठेवली, एवढंच. चाचांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. ती जाडी पिन म्हणजे अर्थ. यंत्राच्या आत एखादी तार सुटून धातूच्या पेटीला चिकटली, तर ती वीज जमिनीत वाहून नेण्याची आणि फ्यूज उडवण्याची ती वाट असते. ती पिन काढली, की पेटी २३० व्होल्टची होऊन शांतपणे बसून राहते, कोणाचा तरी हात लागेपर्यंत. शिवाय आवाजाच्या वायरींतून तीच वीज टेपडेकवर, संगणकावर, माइकवर पोचते. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला. माझ्या घरात तर लहान नातवंडं अॅम्प्लिफायरच्या बटणांशी खेळतात. अम्मीचा आवाज साफ करताना मी काय करून बसलो असतो, हे आठवलं की आजही घशाला कोरड पडते.

तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कधीही काढायची नाही, तिच्यावर चिकटपट्टी लावायची नाही, दोन पिनांचा अॅडॉप्टर वापरायचा नाही. फेरा तोडायचा तो आवाजाच्या वाटेवर, विजेच्या वाटेवर नाही. काही यंत्रं मुळातच दोन पिनांची असतात. त्यांच्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते. त्यांना आतून दुहेरी आवरण दिलेलं असतं. ती गोष्ट वेगळी. तीन पिनांच्या यंत्राची दोन पिनांचं करणं हा मात्र जिवाशी खेळ आहे.

आमच्या घरात पुढे झालं ते असं. टीव्हीची तार काढून ठेवली. आतल्या खोलीतला संगणक सोडून दिला आणि भाच्याचा लॅपटॉप टेपडेकच्या शेजारी आणला. त्याचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला, म्हणजे त्याचा भिंतीशी संबंधच उरला नाही. आठ मीटरच्या वायरीऐवजी एक मीटरची साधी लाल-पांढरी वायर, घरात होती तीच. टेपडेक आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर. कॅसेट न लावता आवाज वाढवला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मी पंखाही बंद केला. काहीच ऐकू आलं नाही, आणि एवढं चांगलं ‘काहीच नाही’ मी पूर्वी ऐकलं नव्हतं. नवी केबल घेण्याचा खर्च शून्य झाला.

मग बॅलन्स्ड केबल घरासाठी निरुपयोगी आहे का? नाही. तिची जागा वेगळी आहे. नंतर आम्ही आतल्या खोलीत स्वतःचा अॅम्प्लिफायर पोटात असलेले दोन स्पीकर घेतले. त्यांच्या मागे तीन पिनांची जागा होती, आणि हॉलमधल्या लहान मिक्सरलाही होती. मध्ये नऊ मीटर अंतर आणि दोन वेगवेगळे बोर्ड. इथे चाचांनी स्वतः साध्या माइकच्या वायरीला पिना डाखून दिल्या. महागडी कापडी केबल नव्हे, मंचावर लोळते तीच रबरी काळी वायर. घरघर नावालाही नाही. अंतर लांब, बोर्ड दोन, आणि दोन्ही टोकांना तीन पिना असल्या, की बॅलन्स्डच घ्यावी. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

खरेदीला जाणाऱ्यांसाठी आणखी चार गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे, दुकानात दोन्ही केबल ऐकवून तुलना करतात, तेव्हा सावध राहा. कित्येक यंत्रांत लाल-पांढऱ्या पिनेवर २ व्होल्ट आणि तीन पिनांवर ४ व्होल्ट मिळतात. दाब दुप्पट झाला, की आवाज ६ डेसिबलने मोठा होतो. आणि मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. ती केबलची करामत नसते. बटण फिरवून दोन्ही आवाज सारखे करा आणि मग ऐका.

दुसरी गोष्ट, तीन भाग दिसले म्हणजे बॅलन्स्ड असं समजू नका. माइक नसलेल्या साध्या इअरफोनच्या पिनेवरही तीन पट्टे असतात, पण त्यातला एक डाव्या कानाचा, एक उजव्या कानाचा आणि तिसरा दोघांचा सामायिक असतो. तशाच दिसणाऱ्या जाड, सव्वासहा मिलिमीटरच्या पिनेवरून मात्र काही यंत्रं बॅलन्स्ड आवाज देतात. पिनेचं रूप एकच, काम दोन. यंत्राच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाहूनच ठरवा.

तिसरी, एका यंत्राला दोन पिना आणि दुसऱ्याला तीन, असं असेल तर. दोन पिनांच्या यंत्रातून तीन पिनांच्या यंत्रात जायचं असेल, तर दोन तारा आणि जाळी असलेलीच वायर घ्यावी. दांडीची तार दोन नंबरला, कडीची तार तीन नंबरला, आणि जाळी एक नंबरला व दुसऱ्या टोकाला कडीला. घेणारं यंत्र फरक काढणारं असल्याने बराचसा फायदा मिळतो. उलट दिशेने जाताना मात्र तीन नंबरची तार जाळीला जोडायची की मोकळी सोडायची, हे यंत्राप्रमाणे बदलतं. काहींत ती जोडावीच लागते, काहींत जोडली तर आतल्या भागांवर ताण येतो. तिथेही पुस्तिका पाहा. आणि काहीच जमत नसेल, तर आवाजाच्या वाटेवर बसवायचा लहान आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. त्यात दोन वेटोळी असतात, आवाज एकातून दुसऱ्यात चुंबकाच्या जोरावर जातो, तारेने तार जोडलेली नसते. फेरा तिथे तुटतो आणि अर्थ पिन जागेवर राहते. फक्त फार स्वस्तातला घेतला, तर खर्जाचे स्वर पातळ होतात. टीव्हीच्या तारेसाठीही तसाच वेगळा आयसोलेटर मिळतो.

चौथी गोष्ट स्पीकरच्या वायरीची. अॅम्प्लिफायरपासून साध्या स्पीकरपर्यंत जाणाऱ्या वायरीला हा सगळा प्रकार लागू नाही. तिथे आवाजाची ताकद इतकी असते, की घरातली भटकी वीज त्याच्यापुढे नगण्य ठरते. तिला जाळीची गरज नाही. ती पुरेशी जाड असावी आणि अधिक-उणे नीट जुळलेलं असावं, एवढंच.

थोडक्यात सांगायचं, तर घरात एका कपाटात यंत्रं शेजारी-शेजारी असतील, वायर एक-दीड मीटरची असेल आणि घरघर नसेल, तर साधी, घट्ट बसणारी लाल-पांढरी वायर पुरते. दोन्हीकडे तीन पिना असतील तर त्या वापरायला हरकत नाही, तोटा काहीच नाही. पण त्यासाठी चांगलं चालणारं यंत्र बदलू नका. ते पैसे आधी घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घेण्यात घाला.

अम्मीची कॅसेट आता संगणकात आहे, भाच्याकडे आहे, आणखी दोन ठिकाणी आहे. फितीचा तो बारीक सूंऽऽ आवाज अजून आहे. तो फितीतच आहे, कुठलीही केबल तो काढू शकत नाही, आणि मीही काढायला सांगितला नाही. सुपाचा आवाज स्वच्छ आला. आणि एक गोष्ट नव्याने सापडली. एका ओवीनंतर अम्मी थांबते, तिथे पूर्वी मला काहीच ऐकू येत नसे. आता ऐकू येतं की ती पुढची ओळ मनातल्या मनात म्हणून पाहते आहे, अगदी पुटपुटल्यासारखी, आणि मग मोठ्याने म्हणते. हे पुटपुटणं फितीवर इतकी वर्षं होतंच. ते ऐकू येण्यासाठी मला आधी घरातली एक तार काढून ठेवावी लागली.